जंजीरचा फोटो आणि तिसरा मजला

परवा भर दुपारी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात श्वान पथकाचा एक लॅब्राडोर बॅगा हुंगत हुंगत आला. जीभ हातभर बाहेर, पण शेपटी चालूच. वरचा पत्रा जिथं संपतो तिथं त्याचा हँडलर थांबला, वाकून फरशीला हात लावून बघितला आणि "इकडून चल रे राजा" म्हणत त्याला सावलीकडे वळवलं. कुणी बघत नव्हतं, मी सोडून.

पंजे भाजतात हे तर आहेच, पण धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही, तोंडाने श्वास चालू झाला की नाकाचं काम मागे पडतं. म्हणजे पाणी, सावली, मधेमधे ब्रेक हे लाड नाहीत ओ, ड्युटीच आहे ती. दमलेल्या कुत्र्याने बॅग 'क्लीन' ठरवली तर त्या डब्यात तुम्ही बसाल का? मी तर नाही बसणार.

कौतुकाला आपण कमी नाही. 1993 च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांच्या श्वान पथकातला जंजीर 2000 साली हाडांच्या कॅन्सरने गेला, जेमतेम आठ वर्षांचा, त्याला मानवंदना दिली, आणि फुलांनी झाकलेला तो फोटो अजून व्हॉट्सॲपवर फिरतो, लोक हात जोडतात. ठीक आहे. पण 26/11 ला राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर रिटायर झाल्यावर विरारच्या एका फार्मवर राहिले, ते एका प्राणीप्रेमी बाईंमुळे. चौघंही 2016 मध्येच गेले, एप्रिल ते ऑक्टोबर. त्या बाई नसत्या तर? म्हातारपणाचं औषधपाणी शेवटपर्यंत सरकारी खर्चाने आणि घरी न्यायचा पहिला मान हँडलरला, एवढं तर पेन्शनसारखं हक्काचं पाहिजे. कुणाच्या चांगुलपणावर किती दिवस ढकलायचं?

न राहवून हँडलरला विचारलंच, "दादा, हा रिटायर झाल्यावर तुम्हीच नेणार का?"

"न्यायचाच आहे हो, पोरं तर आत्तापासून मागे लागलीत. पण आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि लॅबचे मागचे पाय म्हातारपणी जातात. उचलून किती वेळा वरखाली करणार?"

तीस-पस्तीस किलोचा असेल तो. माझी गाडी आली.