सिसिली टायसन

आज सुट्टी होती म्हणून दुपारी १९७४ चा तो जेन पिटमन या काल्पनिक बाईवरचा अमेरिकन टीव्ही सिनेमा लावला आणि शेवटाला अक्षरशः रडू आलं. गुलामगिरीत जन्मलेली, आता ११० वर्षांची म्हातारी, एकेक पाऊल टाकत कोर्टासमोरच्या फक्त गोऱ्यांसाठीच्या नळाकडे जाते, वाकते, पाणी पिते. बस्स. पोलीस नुसते बघत राहतात. आणि ही म्हातारी साकारणारी अमेरिकन अभिनेत्री सिसिली टायसन तेव्हा पन्नाशीचीही नव्हती हो! तो मेकअप तर भारीच, पण ती चाल, ते थकलेले डोळे मेकअपने येत नाहीत.

मग संध्याकाळभर तिच्याबद्दलच वाचत बसले. कृष्णवर्णीय बाईला कमी लेखणारे रोल ती सरळ नाकारायची, त्यापायी काम नसलं तरी चालेल म्हणायची, आणि हे १९७२ च्या 'साउंडर'साठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालेली बाई करत होती, याला खरंच हिंमत लागते. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, तर ती तब्बल ३० वर्षांनी परतली आणि २०१३ ला वयाच्या ८८ व्या वर्षी टोनी हा नाटकांचा मोठा पुरस्कार घेतला, तोही मुख्य भूमिकेसाठी! त्या नाटकात ती भजन म्हणायला लागली की प्रेक्षकही सोबत गायचे म्हणे. ऑस्कर मात्र २०१८ ला, तोही मानद. फार उशीर केला त्यांनी, मला नाही पटलं.