सुट्टीतला कोल्हापूरकर

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी अकरा वाजता महाद्वार रोडच्या तोंडाशी गाडी लावायला जागा शोधणारा माणूस ‘आम्ही मूळचे इथलेच’ म्हणाला, तर त्याला गाव सोडून बरीच वर्षं झाली असं खुशाल समजावं. गावात राहणारा त्या वेळी तिकडं फिरकत नाही. त्याचं अंबाबाईचं दर्शन पहाटेच उरकलेलं असतं, नाहीतर कामावर जाता जाता महाद्वारातूनच हात जोडून झालेले असतात.

जन्मगावाचे रस्ते पायांना पाठ असतात. बिनखांबी गणपतीवरून मिरजकर तिकटी झोपेतही गाठता येते. विसरतात त्या वेळा. आणि कोल्हापूर तर वेळांवरच चालतं.

मिसळीचंच घ्या. ती नऊच्या आत खावी. उशीर झाला की पातेलं तळाला जातं, कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, पुरवायला पाणी वाढतं. वर लाल तवंग तसाच दिसतो आणि खाली चव पातळ झालेली असते. कट एकदम ओतून घेऊ नये, फरसाणाचा लगदा होतो. थोडा थोडा घ्यावा, संपला की मागावा. आणि सोबत ब्रेडची स्लाइस. पाव मागितला की पुढचं काही बोलायची गरज राहत नाही, परगावचा शिक्का बसलाच.

गंगावेशीतल्या दुधाचंही तसंच. म्हशी येतात त्या सकाळी लवकर आणि संध्याकाळी. भर दुपारी गेलं तर नुसता शेणाचा वास घेऊन परतावं लागतं. धार डोळ्यांदेखत निघते, त्यामुळं वरचा बराचसा ग्लास फेसच असतो. सुट्टीवाले ग्लास हातात धरून फोटो काढत बसतात, तोवर फेस बसतो, दूध निवतं, आणि उरतं ते साधं कच्चं दूध. ते फेसासकट, ऊन ऊन, उभ्यानंच प्यायचं. सवय सुटलेल्या पोटानं मात्र अर्ध्या ग्लासावर थांबावं. वर्षानुवर्षं पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधावर वाढलेल्या आतड्यांना जन्मगाव वगैरे कळत नाही.

वेळेचा सगळ्यात काटेकोर हिशोब किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या दिवसांचा. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडपामार्गे आत शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. दोन्ही वेळी सूर्य दक्षिणेला जवळपास सारखाच कललेला असतो, नोव्हेंबरात जाताना आणि फेब्रुवारीत परतताना. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे सुट्टी आणि किरणं एकत्रच येतात. पण तेवढ्यानं भागत नाही. क्षितिजावर ढगाची एक पट्टी पुरते. हवेत बाष्प किंवा धूळ असली की प्रकाश गाभाऱ्यापर्यंत येता येता फिका पडतो, आणि दिवाळीत फटाक्यांच्या धुराची त्यात भर. मंदिराच्या पश्चिमेला कुणी एखादा मजला चढवला तरी अडतं. गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा आड येऊ शकते. सगळा खेळ शेवटच्या काही मिनिटांचा. किरणं कमरेपर्यंत येतात, लोक माना उंचावतात, आणि तिथूनच प्रकाश विरून जातो. ‘उद्या बघू’ म्हणणारे गावातले. ज्यांचं परतीचं रिझर्वेशन त्याच रात्रीचं, ते काहीच म्हणत नाहीत.

या धावपळीत एक काम हमखास यादीत असतं: जन्माचा दाखला. पासपोर्ट म्हणा, परदेशी निघालेल्याचा व्हिसा म्हणा, तो कुठं ना कुठं लागतोच, आणि जिथं जन्म झाला तिथल्याच नोंदवहीतून निघतो. जाताना जन्मतारीख, आईवडिलांची पूर्ण नावं आणि दवाखान्याचं नाव लिहून न्यावं. आईचं नाव त्या वेळी कसं नोंदवलं होतं तेही घरात विचारून ठेवावं, शोधाशोध तिथंच अडते. नोंद सापडली तरी एक मेख असते. जन्म कळवायची मुदत २१ दिवसांची, आणि दवाखान्यातून तो बारशाच्याही आधी कळवला जायचा. त्यामुळं जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरीच असते: आईबापाचं नाव, तारीख, आणि पुढं फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव नंतर अर्ज करून घालायचं असतं, ते कित्येक घरांत राहूनच जातं.

ते घालून घ्यायला कामाच्या दिवशी यावं लागतं. दिवाळीत कचेरी बंद.