खोकून दाखवा म्हणणारी नर्स

इंग्लंडमधल्या आमच्या सर्जिकल वॉर्डात पेन टीमची, म्हणजे ऑपरेशननंतरचं दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या टीमची, नर्स राउंडला येते. डॉक्टर नव्हे, नर्स. परवा तिने माझ्या पेशंटचा मॉर्फिनचा पंप काढायला सांगितला, त्याच्या जागी गोळ्या लिहिल्या, सही ठोकली आणि पुढच्या बेडकडे गेली. सर्जनला फोन नाही, त्याच्या हाताखालच्या डॉक्टरची वाट पाहणं नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला २००६ पासून जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहून देता येतात, २०१२ पासून मॉर्फिनसारखीही. हे मला वाचून माहीत होतं. तरी समोर बघितल्यावर जीव जळलाच. बाईंचं शिक्षण विचारलं, तर एम.एस्सी. माझंही एम.एस्सी.च, तेही मेडिकल-सर्जिकल, आणि प्रबंध ऑपरेशननंतरच्या वेदनेवर. पण मी इथे बँड फाइव्हची, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीची, स्टाफ नर्स.

तिची पद्धत मात्र सांगण्यासारखी आहे. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला माणूस उताणा, निवांत पडलेला असतो. शून्य ते दहात किती दुखतंय विचारलं की ‘दोन’ म्हणतो. आपण दोन लिहून मोकळे. ही बाई त्याच्या हातात उशी देते, टाक्यांवर घट्ट धरायला लावते आणि म्हणते, आता खोकून दाखवा. तो खोकायला जातो, खोकला घशातच राहतो, दुसऱ्या हाताने कठडा पकडतो. मग आकडा येतो सात. तिला तोच हवा असतो. पडल्या पडल्या दुखत नाही याला फारसा अर्थ नसतो. खोकता आलं नाही की कफ साठतो, श्वास वरवरचा होतो, न्यूमोनिया गाठतो. उठवलं तरी माणूस उठत नाही, मग पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती. शिवाय सुरुवातीचं दुखणं जोरात असलं तर ते पुढे महिनोन्महिने रेंगाळायची शक्यता वाढते, हेही संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि हे इथे पूर्वापार होतं असंही नाही बरं का. ऑपरेशननंतरच्या वेदनेवर आपण नीट उपचार करत नाही, हे इथल्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या कॉलेजांनी १९९० साली अहवाल काढून मान्य केलं, आणि रुग्णालयांना अशा टीम नेमायला सांगितलं. म्हणजे मी जन्मले तेव्हा यांचंही आपल्यासारखंच चाललं होतं.

माझ्या प्रबंधाची माहिती मी मिरजेत गोळा केली. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारल्यापासून मिरज म्हणजे आजाऱ्यांची पंढरी. जतपासून अथणी-जमखंडीपर्यंतचे पेशंट तिथे येतात. मी वेदना मोजायची शून्य ते दहाची पट्टी घेऊन बेडपाशी बसायची. आजींनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणायचा, ‘काय नाय वो सिस्टर, सोसतीया आमची आई.’ आजी मान हलवायच्या. कानडी आजी असल्या की आयाबाईंना मध्ये घ्यायचं. त्या आजींशी दोन वाक्यं बोलून स्वतःच्या अंदाजाने म्हणायच्या, ‘पाच लिवा.’ माझ्या पट्टीचं मराठी तज्ज्ञांनी तपासलं होतं, वैधतेची पत्रं परिशिष्टात लावली होती. मुलाचं आणि आयाबाईंचं काय करायचं, ते कुणीच विचारलं नव्हतं.

विचारणार तरी कोण? गाइड मॅडमच्या गळ्यात बी.एस्सी.चे वर्ग, तपासणीची कागदपत्रं आणि आम्ही सगळ्या. आम्हीही अर्धा वेळ धाकट्यांची क्लिनिकल पोस्टिंग सांभाळत होतो. म्हणून मग ‘नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा विषय सगळ्यात सोयीचा. प्री-टेस्ट घ्या, तासभर शिकवा, पोस्ट-टेस्ट घ्या, ज्ञान वाढतंच. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं छापायची की प्रबंध कपाटात. डिग्री मिळाली की कॉलेजात ट्यूटर व्हायचं, वॉर्ड सुटला. वॉर्डातच राहीन म्हटलं तर मी होते त्या खासगी हॉस्पिटलात एम.एस्सी.चा पगारात एक रुपया धरत नव्हते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला. ‘पळून गेलीस’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तो भरला असता, तर मी खुशाल राहिले असते.

पण इथल्या सहकारणीने परवा विचारलं, ‘तुमच्याकडे नर्सिंगमध्ये मास्टर्स असतं?’ तेव्हा माझं डोकं फिरलं. आपल्या नर्सिंग कौन्सिलचा नियम शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. तो कागदावर. रात्री अख्खा वॉर्ड दोघीजणी ओढतात, त्यात नातेवाईक, त्यात रक्तपेढीच्या चकरा. इथे एकीच्या वाट्याला आठ पेशंट आले की चहाच्या खोलीत सुतकी चेहरे! तिकडच्या त्या दोघींनी प्रत्येकाला उशी देऊन खोकायला लावावं, ही अपेक्षा कुणी करू नये. आणि आकड्यांच्या मागे लागून अमेरिकेत काय झालं तेही मी तिला ऐकवलं. तिथल्या पेन सोसायटीने १९९० च्या दशकात वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीचं पाचवं व्हायटल साइन म्हणायला सुरुवात केली, आकडा खाली आणायला ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं, वाटली गेली, आणि शेवटी २०१६ मध्ये त्यांच्याच मेडिकल असोसिएशनने ते बिरुद सोडून द्या म्हटलं. मोबाइलवर बोट फिरवत ‘दहा’ म्हणणारे पेशंट आमच्याही वॉर्डात आहेत. ती गप्प बसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी घरी आल्यावर सांगलीतल्या मैत्रिणीला फोन केला. ती आता स्वतः गाइड आहे. म्हटलं, एखाद्या मुलीला वेगळा विषय दे: पडून असतानाचा आकडा आणि खोकतानाचा आकडा, दोन्ही लिहायचे, उत्तर कुणी दिलं तेही लिहायचं. ती म्हणाली, ‘विषय पास होईल गं. पण मुलाला बेडपासून लांब कसा करायचा?’

मी म्हटलं, चहा आणायला पाठव. मिरजेत चहाला गेलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत परत येत नाही.