पुहामेक? – हाय की!

वाडगं हातात आलं आणि पहिली नजर गेली ती वर तरंगणाऱ्या तंतूंवर. ताकासारखं पांढरट, जरासा आंबूस वास. वाडगं मात्र असं देखणं, की तेवढंच उचलून पळून जावं : मातीचं, पातळ काठाचं, आत लाल-काळ्या रेघांची नक्षी. त्याला म्हणतात पिनिंक. आतल्या पेयाला निहियामांच. स्पॅनिशमध्ये चिचा.

अडचण अशी, की ते कसं करतात हे मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. उकडलेले कंद लाकडी दांडक्यानं ठेचायचे, त्यातला घासभर लगदा तोंडात टाकायचा, गप्पा मारता मारता चांगला चघळायचा आणि परत भांड्यात थुंकायचा. लाळेमुळे कंदातल्या पिठाची साखर होते, मग दोन-तीन दिवसांत ते आंबतं. (म्हणजे आजचं परवाच्या पाहुण्यांना. माझ्या वाट्याला परवाचं आलं होतं.) शास्त्र कळलं हो. पण माझी आई आमटीचं मीठ बघताना थेंब तळहातावर घेते, पळी ओठांना लावत नाही. त्या घरातली मी. शबरीची बोरं आठवून मनाची समजूत घालून पाहिली, पण शबरीनं नुसती चाखली होती.

नाही म्हणायची सोय नव्हती. शुआर, म्हणजे इक्वेडोरच्या ॲमेझॉन जंगलातले आदिवासी; त्यांच्या घरात चिचा नाकारणं म्हणजे ती करणाऱ्या बाईलाच नाकारणं, हे घरच्या नातवानं येतानाच बजावलं होतं. डोळे मिटले, प्यायले. आंबट, किंचित गोडसर, ताक आणि आंबोळीचं फुगलेलं पीठ यांच्या मधलं काहीतरी. चांगलं लागलं. आणि त्याचाच मला राग आला. रिकामं वाडगं लगेच पुन्हा भरतात, हे मात्र नातवानं सांगितलं नव्हतं.

इथवर पोचायला राजधानी किटोहून मकासपर्यंत रात्रीची बस, तिथून सुकुआ, मग पिकअपच्या हौद्यात बसून चिखलाचा रस्ता. मकासहून संगाय ज्वालामुखी फार सुंदर दिसतो म्हणे. मला ढग दिसले. पुढच्या चार दिवसांत धबधबा झाला, फुलपाखरं झाली, पाऊस तर इतका झाला की रबरी बुटांत पाणी घेऊनच चालायची सवय लागली. फळीवर झोपून पाठ मोडली. पहाटे चारला उठून घरचे ग्वायुसा नावाच्या पाल्याचा काढा पितात आणि पोट साफ करायला तो ओकूनही टाकतात. तो आवाज ऐकत पडून राहण्यात मला कसलीही अनुभूती आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

आमच्याबरोबर एक युरोपीय जोडपं होतं. त्यातल्या माणसानं बसल्या बसल्या पाचव्या मिनिटाला विचारलं, ‘तुम्ही ‘हिबारो’ लोक ती मुंडकी कुठं ठेवता?’ मला लाज वाटली, पण अर्धीच. कारण मीही त्याच कुतूहलानं आले होते. किटोजवळ विषुववृत्ताच्या रेषेपाशी एका संग्रहालयात मुठीएवढं आक्रसलेलं मुंडकं पाहिलं, त्सांत्सा, आणि त्याच रात्री मकासच्या बसची चौकशी केली. प्रश्न त्यानं विचारला, एवढाच फरक.

नातवाला हे पाठ असावं. आधी त्यानं शब्द दुरुस्त केला : हिबारो ही बाहेरच्यांनी ‘रानटी’ अशा अर्थानं दिलेली शिवी, आमचं नाव शुआर, म्हणजे माणसं. मग सांगितलं की मारलेल्या शत्रूचा आत्मा, मुइसाक, सूड घ्यायला बाहेर पडू नये म्हणून कवटी काढून कातडं आक्रसवत. विधी संपला की त्या मुंडक्याची फारशी किंमत उरत नसे. किंमत आली ती बाहेरचे संग्राहक त्याच्या बदल्यात बंदुका द्यायला लागले तेव्हा. मागणी इतकी, की माकडाच्या नि स्लॉथच्या कातड्याची बनावट मुंडकीही जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयानं 2020 मध्ये आपल्याकडची प्रदर्शनातून काढून ठेवली. हे सगळं सांगून तो म्हणाला, ‘मळा बघायचा का?’

जोडपं धबधब्याकडे गेलं. मी मळ्यात.

मळ्याला शुआर भाषेत म्हणतात ‘अहा’. आणि ज्या कंदाची चिचा करतात, जो रोज तीन वेळा ताटात येतो, तो कंद म्हणजे ‘मामा’. नुकुची, म्हणजे आजी, पाट्यासारखी सपाट पाठ वाकवून मातीतून कंद उपसत होती आणि दर वेळी मला दाखवून म्हणत होती, मामा. मला हसू आवरेना. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की खाली बसली.

मळा बायकांचा. पिकं देते ती नुनकुई, जमिनीखाली राहणारी. तिची गोष्ट नुकुचीनं सांगितली, नातवानं स्पॅनिश केली, माझ्या कामचलाऊ स्पॅनिशमध्ये जेवढी उरली तेवढी देते. पूर्वी माणसं उपाशी होती. नुनकुईनं आपली मुलगी त्यांच्याकडे दिली. ती पोर ज्याचं नाव घेईल ते समोर यायचं. मामा म्हटलं की मामा, मांस म्हटलं की मांस. मोठी माणसं कामाला गेली, मागे पोरांनी तिला छळलं, डोळ्यांत राख टाकली. ती छपरावर चढली आणि बांबूच्या पोकळीतून जमिनीत निघून गेली. तेव्हापासून खुरपं धरावं लागतं आणि गाणंही म्हणावं लागतं. त्या गाण्यांना आनेंत म्हणतात. एक ऐकवाल का, असं मी विचारलंच. नुकुची नाही म्हणाली. ती मळ्यासाठी असतात.

नाव घेतलं की वस्तू समोर येते, हे तिनं सांगितलं आणि मग स्वतःचंही. लहानपणी मिशनऱ्यांच्या बोर्डिंग शाळेत शुआर बोललं की शिक्षा होई. तिची मुलं मात्र रेडिओवर शिकली. 1964 मध्ये सुकुआत शुआर लोकांनी स्वतःची संघटना उभी केली आणि 1972 पासून रेडिओवरून शाळा भरू लागली, जंगलातल्या वस्त्यांसाठी, त्यांच्याच भाषेत. इक्वेडोरच्या 2008 च्या राज्यघटनेत स्पॅनिश आणि किचवा या दुसऱ्या आदिवासी भाषेच्या बरोबरीनं शुआरचंही नाव आहे. आणि नुकुचीची पणती? ती मोबाइलवरून मान वर न करता स्पॅनिशमध्ये ‘सी, सी’ करत होती. मी काही बोलले नाही. माझ्या भाचीशी मी कोणत्या भाषेत बोलते ते मला ठाऊक आहे.

मला मात्र शुआर शिकवायला पणतीनंच उत्साह दाखवला. ‘ए’ असं लिहितात तो स्वर इ आणि उ यांच्या मधे कुठेतरी घशात अडकतो, आपल्या बाराखडीत त्याला घरच नाही. शब्दाच्या शेवटचे स्वर तर नुसते कुजबुजून सोडून देतात. पण नमस्कार जमला. अंगणाच्या कडेला थांबून पाहुण्यानं म्हणायचं ‘विनिआहाय’, मी येते. आपण निघताना ‘येते’ म्हणतो, ते पोचताना म्हणतात. घरचे विचारतात ‘पुहामेक?’, म्हणजे आहेस ना? त्यावर उत्तर, ‘पुहाहाय’. आहे मी. निव्वळ योगायोग, दोन्ही भाषांचा सुतराम संबंध नाही, पण गावाकडे आत्या उंबऱ्यातून ओरडते, ‘हायस का घरात?’ आणि आतून येतं, ‘हाय की!’ त्याच चालीत मी ते चार दिवस म्हटलं. सगळे हसायचे, पण कळायचं.

शेवटच्या संध्याकाळी नुकुचीला फोनवर साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो दाखवला. हे पांढरे मणी म्हणजे तुमचा मामाच, त्याच्या पिठाचे करतात, आणि मूळ कंद तुमच्याकडूनच आमच्याकडे आला. तिनं फोटो जवळ नेऊन बघितला.

‘चघळतं कोण?’

कुणीच नाही, असं सांगितल्यावर तिला वाईट वाटलेलं दिसलं. कधी खाता, तिनं विचारलं. उपवासाला. उपवास हा शब्द समजावणं सोपं गेलं, कारण आरुताम, म्हणजे बळ देणारा पूर्वजांचा आत्मा, दिसावा म्हणून त्यांच्याकडेही धबधब्यापाशी जाऊन उपाशी राहतात, तंबाखूच्या पाण्यावर. तिनं गंभीरपणे मान हलवली. मग काहीतरी खटकलं. नातवाशी बोलली, त्यानं दोनदा खात्री करून घेतली आणि मला विचारलं :

‘आजी म्हणते, उपाशी राहायचं असतं, मग हे खाता कसं?’

शेंगदाण्याचं कूट, साजूक तूप, वर दही, हे मी अजून सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी एकादशी होती की काय, हे बघायचंही मी टाळलं. नुकुचीनं माझं वाडगं भरलं.