तुझी लोकल कुठली?

बर्मिंगहॅमच्या ऑफिसात माझा तिसरा दिवस. स्टोअर सांभाळणाऱ्या साठीच्या गृहस्थाने चहाच्या मशीनपाशी विचारलं, "तुझी लोकल कुठली?" मी म्हटलं, "मी बसने येतो." तो इतका हसला की कपातला चहा सांडला. मराठी माणसाला लोकल म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? त्यातही मी सोलापूरचा. आमची धाव सिद्धेश्वर एक्सप्रेसपर्यंत. लोकल म्हणजे घराजवळचा आपला नेहमीचा पब, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि आपल्याला लोकल नाही म्हणजे त्या गावात आपण अजून आलोच नाही, हे कळायला पुढचे सहा महिने गेले.

खरं तर पबशी माझा काही संबंध यायचं कारण नव्हतं. बाबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात, गळ्यात तुळशीची माळ. पंढरपूर सत्तर किलोमीटरवर, म्हणजे आमच्या घराच्या हिशेबात शेजारच्या गल्लीत. 'दारू' हा शब्द घरात वर्षातून एकदाच मोकळेपणाने उच्चारला जायचा, जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असायचं तेव्हा.

शाळेत तर आणखीच. सोलापूरच्या पोराला मार्शल लॉचा इतिहास पाठ असतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, आणि ८ तारखेला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. शिंदीच्या दारूचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जायचं, म्हणून राग झाडांवर. धरपकड झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. चार दिवसांनी मार्शल लॉ लागला. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांचे पुतळे बघत मी कॉलेजला जायचो. ज्यांच्या दारूच्या महसुलावर आमच्या गावाने कुऱ्हाड घातली, त्यांच्याच गावात जाऊन गुत्त्यात बसायचं? मित्राला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पबात काय करलालास बे, माळकऱ्याच्या पोटच्या?"

तर, काय करत होतो?

आधी कंटाळत होतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमाराला दिवेलागण. ऑफिस सुटेपर्यंत मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं. रस्त्यावर माणूस नाही. आमच्याकडे रात्री दहाला पानपट्टीसमोर जेवढी माणसं उगाच उभी असतात, तेवढी मला आमच्या गल्लीत अख्ख्या हिवाळ्यात दिसली नाहीत. शेजारी चांगला होता, पण त्याच्या घरी न कळवता जायची सोय नव्हती. एकदा गेलो. दार उघडलं त्याने, पण "काय झालं?" असा चेहरा करून. काही झालं नव्हतं. सहज आलो होतो. 'सहज' या शब्दाला इंग्रजीत शब्द असेलही, जागा मात्र एकच आहे आणि ती पब.

पब म्हणजे पब्लिक हाऊस. सार्वजनिक घर. पूर्वी खरोखरच कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत बिअर विकली जायची, त्यातून ते आलं. न कळवता जाता येईल, "काय झालं?" असं कुणी विचारणार नाही, असं त्या गल्लीतलं एवढं एकच घर. बाबांनी फोनवर विचारलं, "संध्याकाळी कुठं जातोस रे?" मी थोडा थांबून म्हणालो, "इथं एक सार्वजनिक... आहे. लोक येऊन बसतात." बाबा म्हणाले, "हां, वाचनालय. चांगलं आहे." मी दुरुस्त केलं नाही.

पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं काउंटरपुढे तहानलेला उभा होतो. टेबलावर येऊन कुणी विचारत नाही, आपणच काउंटरवर जायचं असतं. तिथे रांग नसते. निदान दिसत नाही. पण ती असते. कोण कुणाच्या आधी आला हे प्रत्येकाच्या डोक्यात असतं आणि आतल्या माणसाच्या डोक्यात सगळ्यांचं मिळून. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा, त्याने मान हलवली की झालं, तुमचा नंबर लागला. नोट हलवून दाखवली तर तो मुद्दाम दुसरीकडे बघतो. मी एसटी स्टँडवर खिडकीत हात घालून तिकीट काढत वाढलेला माणूस. मी कोपर पुढे केलं. सगळे अत्यंत सभ्यपणे बाजूला झाले आणि आतल्याने मला सगळ्यात शेवटी विचारलं.

लिंबू-सोडा मागितला. स्टोअरवाल्या म्हाताऱ्याने काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं तो आग्रह करेल. आपल्याकडे न पिणाऱ्याला पाजायची एक हौस असते लोकांना, 'एक घोटाने काय होतंय' म्हणत. तिथे तो त्रास कधी झाला नाही. ग्लासात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. देणंघेणं दुसरंच होतं, आणि तिथेच मी आपटलो.

मी माझ्या लिंबू-सोड्याचे पाऊण पौंड मोजून दिले. सहा जण होतो. एकाने सगळ्यांचे पाइंट आणले, आणि मी म्हटलं, माझं माझं दिलंय मी. मला वाटलं, किती व्यवस्थित वागलो. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मला कुणी "येतोस का?" म्हणून विचारलं नाही.

म्हाताऱ्याने मग मला बाजूला घेऊन राऊंड समजावून सांगितला. सहा जण असतील तर आळीपाळीने एकेकाने सगळ्यांचं आणायचं. मी म्हटलं, पण मी पाऊण पौंडाचं पितो, तुमचा पाइंट तीन पौंडांचा. माझा नंबर आला की पंधरा पौंडांच्या वर जाणार. मनात मी त्याचे रुपये केलेच: हजाराच्या वर. नवीन गेलेला माणूस पहिलं वर्षभर मनात रुपयेच करत असतो. तो म्हणाला, "स्वतःचे पैसे स्वतः देणारा माणूस इथे नसतोच. तो कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकतो." हे ऐकून मी गप्प झालो. कारण मला खरंच कुठल्याही क्षणी उठून जायची सोय ठेवायची होती.

आपल्याकडे बिलाची मारामारी असते. नव्या पेठेतल्या हॉटेलात दोघे एकमेकांचे हात धरून गल्ल्यापुढे कुस्ती खेळतात, "तुमचे पैसे घेतले तर बघा" म्हणून मालकाला दम देतात. पण ती फेड कधी, किती, याचा हिशेब नाही. वर्षाने झाली तरी चालते. जन्मात नाही झाली तरी मुलाच्या लग्नात होते. इंग्रजांचा हिशेब त्याच संध्याकाळी फिटतो, आणि हिशेब चाललाय असं कुणी चेहऱ्यावर दाखवत नाही. मात्र कुणाचा राऊंड बाकी आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. राऊंड बुडवणाऱ्याला दहा वर्षांनीही माफी नसते. शिवाय गणित असं की सहा जण असले तर सहा राऊंड व्हावेच लागतात, मधेच उठणं म्हणजे चोरी. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, उसाच्या रसाचे दोन ग्लास एकाच पेल्यात. हे लोक इतकं का पितात, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं. तहान हे कारण नव्हे, उधारी हे कारण. मी त्या दिवशी पाच पाइंट आणि एक लिंबू-सोडा आणला. तीन खेपा झाल्या, कारण तीन ग्लास एका वेळी धरायची कला मला तेव्हा यायची होती. कुणी आभारसुद्धा मानले नाहीत. नुसती मान हलवली. सोलापूर सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

बर्मिंगहॅमला खेटून स्मेथिक आहे. तिथे पंजाबी लोकांचे पब आहेत, त्यांना देसी पबच म्हणतात. बिअरबरोबर तंदूरमधून निघालेली, चरचरत्या तव्यावरची मिक्स ग्रिल. शाकाहाऱ्याला पनीर. मला वाटलं होतं, हे आपल्या लोकांनी हौसेने काढलेलं असेल. तिथल्या एका सरदारजी काकांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी, साठच्या दशकात, काही पबमधल्या चांगल्या खोलीत काळ्या-सावळ्या माणसाला बसू देत नसत. फौंड्रीत बरोबर घाम गाळायचा, आणि संध्याकाळी तो गोरा आत, हे बाहेर. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता, खुद्द माल्कम एक्स स्मेथिकला येऊन गेला, आणि ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये त्यालाही त्या खोलीत प्याला मिळाला नाही. त्याला घेऊन जाणारे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक होते. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी सार्वजनिक जागी वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा आला. काकांचं म्हणणं एवढंच होतं: "पीना तो घर में भी हो सकता था." मला आमच्या गावातली शिंदीची झाडं आठवली. एका गावात लोक गुत्ता बंद पडावा म्हणून पुढे झाले, दुसऱ्यात गुत्त्यात शिरता यावं म्हणून. दोन्हीकडे भांडण पेल्याचं नव्हतंच.

सगळंच गोड होतं असं नाही. आमच्या टीममध्ये हैदराबादची एक मुलगी होती, कामाला माझ्यापेक्षा तिखट. साडेपाचला तिला पाळणाघरातून लेकाला आणायचं असे. कुठलं काम कुणाला द्यायचं हे शुक्रवारी पबमध्ये ठरायचं आणि सोमवारी मीटिंगमध्ये नुसतं वाचून दाखवायचे. तिला दोन वर्षं वाटत राहिलं की आपलं काहीतरी चुकतंय. मला माहीत होतं, काय चुकतंय ते. मी लिंबू-सोडा पीत तिथेच बसलेलो असायचो. सांगितलं नाही तिला, याची अजून लाज वाटते.

बायको आली तेव्हा तिच्या डोक्यात पब म्हणजे आपली परमिट रूम. काळ्या काचा, पडदा, आत जाताना मागे वळून बघायचं. (१९४९च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे प्यायला कागदोपत्री अजून परवाना लागतो, त्यावरून ते नाव.) एका रविवारी तिला घेऊन गेलो तर आत आज्या, तान्ही बाळं, टेबलाखाली कुत्री. ती म्हणाली, "हे तर मंगल कार्यालय आहे." मग तिनेच मला पुढच्या रविवारी ओढून नेलं.

रात्री अकराला काउंटरमागची घंटा वाजायची. ही शेवटची ऑर्डर. म्हाताऱ्याने सांगितलं, पबच्या वेळांवर कडक बंधनं आली ती पहिल्या महायुद्धात, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार सकाळी शुद्धीत कामावर यावेत म्हणून. २००५ मध्ये कायदा सैल झाला, पण आमच्या पबने अकराची घंटा सोडली नव्हती. त्याच वर्षी तो स्वतः बेकार झाला होता. लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं काढली, आणि एका एप्रिलमध्ये कंपनीच बसली. मी त्याला आमच्या गिरणीचा भोंगा सांगितला. भोंग्यावर दूधवाला, शाळा, आईची भाकरी, सगळं कसं चालायचं, आणि तो बंद झाल्यावर बाबा कितीतरी महिने पहाटे त्याच वेळेला उठून अंथरुणात नुसते बसायचे. तो काही बोलला नाही. उठून माझ्यासाठी लिंबू-सोडा घेऊन आला, त्याचा राऊंड नसताना.

पबात खायला म्हणजे वेफर्सचं पाकीट. ते शिवणीवर उभं फाडून, उलगडून टेबलाच्या मधोमध पसरतात, सगळ्यांनी घ्यावं म्हणून. हे मला फार आवडायचं. त्यांच्यात उष्टं-खरकटं शेअर करायची तेवढी एकच रीत मी पाहिली. एकदा आईने पाठवलेली शेंगाचटणी खिशात घालून नेली आणि त्या वेफर्सवर भुरभुरवली. लगेच प्रश्न: शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी? कुणाला नव्हती. म्हाताऱ्याने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, अर्धा पाइंट एका दमात संपवला, आणि पुन्हा हात पुढे केला. पुढे प्रत्येक शुक्रवारी "तो तुझा लाल बुरादा आणलास का?" चटणी संपली की पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याला साकडं घालायचो. सोलापुरी चादरी कुणी मागितल्या नाहीत.

२०१२ मध्ये परत यायचं ठरलं. शेवटच्या शुक्रवारी माझा राऊंड यायचा होता, तेवढ्यात घंटा वाजली. मी पैसे काढले तर म्हाताऱ्याने माझा हात खाली केला, अगदी नव्या पेठेतल्यासारखा. म्हणाला, "पुढच्या वेळी तुझा."

पुढची वेळ आली नाही. या सप्टेंबरात पुतण्या शिकायला बर्मिंगहॅमला गेला. मी त्याच्या बॅगेत अर्धा किलो चटणी टाकली आणि पबचा पत्ता दिला. आठवड्याने त्याने फोटो पाठवला. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारावर नोटीस. पाटी तेवढी शाबूत. "काका, चटणीचं काय करू?" मी म्हटलं, वर्गातल्या पोरांबरोबर जाशील तिथे घेऊन जा, वेफर्स फाडून पसर.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल होता. बाबा आता ब्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मोठ्याने बोलतात.

"काय रे, काका जायचा त्या वाचनालयात जातोस का?"

पुतण्याने पडद्यातून माझ्याकडे बघितलं. "जातो, आजोबा."

"जात जा. आणि घेतलेलं वेळेवर परत करत जा. काकाच्या नावावर एक राहिलंय म्हणत होता तो."

मी बाबांना ही गोष्ट कधी सांगितली होती, मला आठवत नाही.