लॉनमोअरची शंभर तासांची सर्व्हिस

नाशिकच्या औरंगाबाद रोडला एकापुढे एक लग्नाची लॉन्स आहेत. त्यातल्या काही ठिकाणच्या गवताचं कंत्राट माझ्याकडे असतं. पावसाळ्यात गवत सुसाट वाढतं, पण चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे मशीन दोन दिवस बंद राहिलं तरी कुणी ओरडत नाही. खरी धावपळ तुळशीच्या लग्नानंतर. एक वऱ्हाड उठतं, मांडववाले सामान गोळा करतात आणि पुढचा मांडव पडायच्या आत मला गवत कापून, पाणी मारून मोकळं व्हायचं असतं. तेवढ्या वेळात दोरी ओढली आणि इंजिन बोललं नाही, तर मालकाचा फोन आलाच म्हणून समजा.

पूर्वी मी मशीन वर्कशॉपला टाकायचे. हंगामात ते तिथे आठवडाभर पडून राहायचं आणि बिलावर नुसतं ‘जनरल सर्व्हिस’. काय काय बदललं विचारलं की उत्तर एकच, ‘सगळं केलंय ताई’. ऑइल काळंच दिसतंय म्हटलं, तर ‘नवीन पण लगेच काळं होतं’. शेवटी ठरवलं, हे काम आपणच शिकायचं. आता दरवर्षी दसऱ्याच्या आधी मी मशीन अंगणात घेते आणि मोठी सर्व्हिस घरीच उरकते.

माझं मशीन स्वतः पुढे चालणारं, २१ इंची आहे. त्यावर होंडाचं जीएक्सव्ही १६० इंजिन आहे: १६३ सीसी, फोर-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. शाफ्ट उभा आहे आणि त्याच्या खालच्या टोकालाच ब्लेड बसवलेलं आहे. इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, हे मला पुस्तिका वाचेपर्यंत माहीत नव्हतं. कारला असतो, मोटरसायकलला जाळी तरी असते. इथे काहीच नाही. आतल्या घर्षणाने सुटलेली धातूची कणी, काजळी, धूळ, जे काही तेलात उतरतं ते तेलातच फिरत राहतं. बाहेर काढायचा एकच मार्ग म्हणजे तेल बदलणं. म्हणून पुस्तिकेत इतका आग्रह आहे: नवं मशीन असेल तर पहिलं तेल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते.

१०० तास ऐकायला फार वाटत नाहीत. पण हे इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं. म्हणजे तासाला १ लाख ८० हजार आणि १०० तासांत १ कोटी ८० लाख. तेही पाऊण लिटरहून कमी तेलावर, भर उन्हात, गवताच्या भुशात.

मशीनला तास मोजायचं मीटर नाही. घरात दुधाचा हिशोब जसा कालनिर्णयवर ठेवतात तसाच मी मोअरचा ठेवते. चाललेले तास त्या दिवसाच्या चौकोनात, ५०ला निळी फुली, १००ला लाल. कामावरच्या पोरांना सांगून ठेवलंय, मशीन बंद केलं की आधी आकडा, मग चहा.

कामाची सुरुवात मशीन चालू करूनच होते. पाच-सात मिनिटं चालवलं की तेल पातळ होतं आणि तळाला बसलेला गाळ उचलला जातो. मग बंद करायचं, पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि लगेच स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करायची. ही टोपी काढल्याशिवाय मी मशीनच्या खाली हात घालत नाही आणि कुणाला घालूही देत नाही. ब्लेड आणि इंजिन एकाच शाफ्टवर. हाताने ब्लेड फिरवलं तर पिस्टनही हलतो, आणि इंजिन गरम असेल तर ते धक्का मारून उठू शकतं. बोटं जायला तेवढं पुरतं.

तेल काढायला मशीन कलंडवावं लागतं, आणि कुठल्या अंगावर कलंडवायचं ते महत्त्वाचं. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला राहिले पाहिजेत. आमच्याकडच्या एका पोराने एकदा ब्लेडमध्ये अडकलेली तार काढायला मशीन उलट्या अंगावर आडवं केलं. तेल फिल्टरमध्ये उतरलं, आणि पुन्हा चालू केल्यावर एवढा पांढरा धूर निघाला की केटरिंगवाले आचारी भट्टी सोडून बघायला आले. इंजिनाला काही झालं नाही. कागदी फिल्टर मात्र फेकावा लागला.

तेल जुन्या परातीत काढते. शंभर तास चाललेलं तेल काळं असणारच, त्याची काळजी नाही. बोटांवर घेऊन चोळते. नुसतं काळं असेल तर ठीक. चकचकीत बारीक चुरा लागला तर आत काहीतरी झिजतंय. दुधट दिसलं तर पाणी गेलंय. मग ते डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात. गटारीत किंवा वाळवी मारायला कुंपणाच्या बुडाशी ओतणारे मी पाहिलेत. गवतावर पोट असणाऱ्याने तरी हे करू नये.

नवं तेल १०डब्ल्यू-३०; हा आकडा म्हणजे तेलाच्या जाडपणाचा ग्रेड. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये हमखास २०डब्ल्यू-४० हातात ठेवतात, ‘हेच सगळीकडे चालतं’ म्हणून. चालतंही, पण थंडीत सकाळी, नाशिकचा पारा दहाच्या खाली असताना, ते जाड तेल घेऊन दोरी ओढून बघावी. स्कूटरसाठी १०डब्ल्यू-३०चे डबे सगळीकडे मिळतात, मी तेच घेते. पुस्तिकेप्रमाणे साधारण ६५० मिली बसतं. पण कलंडवून काढल्यावर थोडं आत राहतंच, म्हणून आधी अर्धा लिटर टाकते, थांबते, मग तेलाच्या झाकणाला असलेली पातळी बघायची काडी पुसून बघते. ही काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि आपण तेल कमी घालून मोकळे होतो. वरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. जास्तीचं तेल इंजिनाच्या श्वासनळीतून एअर फिल्टरकडे येतं आणि पुन्हा तोच धूर.

एअर फिल्टरसाठी १०० तास थांबायचं नाही. पुस्तिका ५० तास म्हणते, धूळ असेल तर त्याआधी, आणि आमच्याकडे धूळ असतेच. डिसेंबरनंतर मांडवाखालचं गवत तुडवून तुडवून माती उघडी पडते. फिल्टर दोन थरांचा आहे, बाहेर स्पंज आणि आत कागद. स्पंज भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवायचा आणि पिळायचा. पीळ मारून नव्हे, मुठीत दाबून, नाहीतर फाटतो. तेल निथळेल इतकं ठेवलं तर धूर, अगदी कोरडा ठेवला तर धूळ आरपार. कागदाला मात्र तेल-पाणी काही लावायचं नाही. फरशीवर हलके आपटायचा. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, आणि ३० पीएसआयच्या आत. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा दाब याच्या कितीतरी पट असतो. त्याच्याकडे जवळून हवा मारून घेतली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. फिल्टर दिसतो स्वच्छ, आणि माती थेट सिलिंडरमध्ये. त्यापेक्षा नवा कागद घेतलेला बरा.

स्पार्क प्लग काढला की इंजिनाची तब्येत कळते. टोक फिकट कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळतेय, बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला किंवा चोक अर्धवट राहिलेला. पांढरट झालेला असेल तर इंजिन फार तापतंय. तारेच्या ब्रशने साफ करून टोकाच्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालते; ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवं. परत बसवताना पहिले आटे बोटांनीच. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, पाना लावून वाकडे आटे पडले की प्लगच्या किमतीत नव्हे, हेडच्या किमतीत जातं.

आणि पंखा. वरच्या जाळीखाली फ्लायव्हीलचा पंखा असतो, तो हवा ओढून सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्यांवर फेकतो. रेडिएटर नाही, पाणी नाही. थंडावा म्हणजे एवढाच. वरचं झाकण उघडलं की दरवर्षी करमणूक होते. पात्यांमध्ये वाळलेल्या गवताचा भुसा तेलाने चिकटून घट्ट वडी झालेला असतो, आणि त्यात सोनेरी-गुलाबी चमकी. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला नळकांड्यातून उडवतात तीच. ही चमकी कुजत नाही, जळत नाही, पात्यांच्या फटीत चपखल बसते आणि त्या जागी इंजिन भाजत राहतं. लाकडी काडी आणि जुना दातांचा ब्रश, याला दुसरं औजार नाही. दसऱ्याला पूजा करायची म्हणून मशीन वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुणारे लोक आहेत. मी पाइप लावत नाही. पाणी प्लगच्या टोपीत, कार्बोरेटरमध्ये, बेअरिंगमध्ये शिरतं आणि झेंडूची माळ घातलेलं मशीन एकादशीला चालू होत नाही.

ब्लेड हा इंजिनाचा भाग नाही, तरी सर्व्हिसमध्ये मी तो धरते. मांडवाचे खिळे गवतात राहतात, ब्लेडला खाच पडते, आणि मग पोरं एकच बाजू घासून धार लावतात. एक बाजू हलकी झाली की ब्लेड थरथरतं, आणि ती थरथर थेट शाफ्टच्या बेअरिंगला. घासून झाल्यावर ब्लेडचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यात अडकवायचं. जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासायची, आडवं स्थिर राहीपर्यंत.

एक काम मी अजून स्वतः करत नाही, व्हॉल्व्हची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यामधली मोकळी जागा. ३०० तासांनी बघायची असते. नाशिकला याचं एक सुख आहे. द्राक्षबागांमुळे फवारणीच्या पंपांचे मिस्त्री भरपूर, आणि कितीतरी पंपांवर याच जातीची छोटी इंजिनं असतात. मी ज्यांच्याकडे जाते ते मिस्त्री काका छाटणीच्या हंगामात डोकं वर काढत नाहीत, म्हणून आधी फोन करून मशीन आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवते. कारण फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजतात. हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला ०.१५, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर.

‘दोरी झटका मारते का गं?’ त्यांनी पहिल्या वेळी हेच विचारलं होतं.

‘हो काका, हात हिसकावते. पोरं घाबरतात.’

‘मग फट वाढलीय.’

सुरू करताना दोरी हलकी जावी म्हणून हे इंजिन एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून दाब सोडतं. फट वाढली की तो व्हॉल्व्ह तेवढा किंचित उघडत नाही, पूर्ण दाब हातावर येतो. त्यांनी नट अर्ध्या फेऱ्याहून कमी फिरवला असेल. नंतर माझ्या भाचीनेही एका हाताने मशीन चालू केलं. एवढ्या कामाचे त्यांनी पैसे घेतले तेही इतके किरकोळ की मी जबरदस्तीने चहापाण्याचे वर दिले.

राहिलं पेट्रोल. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतंय. माझ्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलंय. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात राहून इथेनॉलविरुद्ध बोलणं शोभत नाही, पण छोट्या कार्बोरेटरला ते जपूनच द्यावं लागतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. मशीन महिनाभर उभं राहिलं की पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाला बसतं, वर पेट्रोलचा चिकट थर, आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. लक्षण ठरलेलं: इंजिन चालू होतं, पण रेस आपोआप वर-खाली होते आणि चोक ओढला की बरं चालतं. त्यामुळे मी दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकंच पेट्रोल आणते, कॅनवर तारीख लिहिते, आणि मशीन जास्त दिवस उभं राहणार असेल तर कॉक बंद करून आहे तेवढं जाळून इंजिन स्वतःहून बंद पडू देते. सर्व्हिसच्या दिवशी वाटीचा खालचा नट सैल करून वाटीत राहिलेलं काचेच्या बाटलीत काढते. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो.

तेल, प्लग आणि कागदी फिल्टर मिळून खर्च दोन हजारांच्या आत बसतो, आणि सगळं काम स्पंज वाळण्याच्या वेळेसकट एका दिवसात होतं. यंदा प्लग बदलला, कागद बदलला, फट पुढच्या वर्षावर टाकली कारण ३०० व्हायला अजून अवकाश आहे. कालनिर्णयवर निळी फुली डिसेंबरच्या मध्यावर पडेल असा अंदाज आहे. फेब्रुवारी ते मे मात्र फिल्टर ५०ऐवजी २५ तासांनीच उघडायचा, असं पोरांना आत्ताच बजावून ठेवलंय.