डब्याचा खरा रंग कोणता? उत्तर आयर्लंडच्या रेल्वे-शेडमधले तीन दिवस

बेलफास्टहून लार्नकडे जाणारी लोकल कॅरिकफर्गसचा किल्ला मागे टाकून पुढे निघाली, की उजव्या हाताला खाडीचे पाणी रुळांच्या अगदी जवळ येते आणि थोड्याच वेळात व्हाइटहेड नावाचे छोटे गाव लागते. 1907 साली इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेची इथली शाखा असलेल्या नॉर्दर्न काउंटीज कमिटीने बेलफास्टच्या सहलकऱ्यांसाठी इथे एक वेगळे स्थानक बांधले होते. सहलकऱ्यांचा तो काळ सरला, पण स्थानक टिकले, कारण 1964 साली स्थापन झालेल्या रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ आयर्लंड या संस्थेने तिथे आपला कारखाना थाटला. 2017 पासून त्याच आवारात संग्रहालयही आहे.

बहुतेक पाहुणे इथे वाफेच्या इंजिनांसाठी येतात. मी डब्यांसाठी आलो होतो, आणि तिकीट देणाऱ्या गृहस्थांना मी तसे सांगितले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून मंद स्मित केले. इंजिनाला नाव असते, लहान मुले त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतात, डबे मात्र मागे मुकाट उभे असतात. माणसे ज्यात बसली, झोपली, भांडली, देश सोडून गेली, ती वस्तू मात्र डबाच होती.

शेडमध्ये शिरताच आधी वास आला, जवसाच्या तेलाचा, वार्निशचा आणि ओल्या लाकडाचा. एका जुन्या लाकडी डब्याच्या बाजूच्या फळीवर हाताच्या पंजाएवढा चौकोन पायरीपायरीने घासलेला होता, म्हणजे सर्वांत वरचा थर तसाच ठेवून आत आत प्रत्येक थर थोडा थोडा उघडा केलेला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ती रंगांची वर्तुळे होती. सर्वांत आत गडद लाल, त्यावर पुन्हा किंचित वेगळा लाल, मग हिरवा, आणि वर पुन्हा तांबूस. दोनचार मिनिटे त्या चौकोनासमोर उभा राहिलो, तर माझ्यापुढे उत्तर आयर्लंडचा अर्ध्या शतकाहून मोठा कारभार उलगडला. 1903 मध्ये इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेने इथली कंपनी विकत घेतली आणि आपला प्रसिद्ध किरमिजी रंग आणला. 1923 नंतर मालकी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश कंपनीकडे गेली, पण लाल रंग कायम राहिला. 1949 मध्ये ही रेल्वे अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीच्या ताब्यात आली आणि लालावर हिरवा चढला. पुढे 1967 नंतर नॉर्दर्न आयर्लंड रेल्वेजचा तांबूस रंग काही डब्यांच्या वाट्याला आला. इंग्रजीत या रंगसंगतीला लिव्हरी म्हणतात. श्रीमंतांच्या नोकरांच्या गणवेशालाही तोच शब्द आहे, आणि मालक बदलला की गणवेश बदलणार हे त्यात गृहीतच असते.

मग दुरुस्त झालेल्या डब्यावर कोणता रंग द्यायचा? शेडमधल्या एका वयोवृद्ध स्वयंसेवकांना मी हेच विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मलाच विचारले, की तुमच्या मते हा डबा कोणत्या सालचा आहे. मी बांधणीचे वर्ष सांगितले. ते म्हणाले, आतली गादी 1930 च्या दशकातली आहे, दिवे त्यानंतरचे, एक दरवाजा दुसऱ्याच डब्याचा आहे आणि छताचे कापड मागच्या वर्षी आम्ही घातले. आता रंग कोणत्या सालचा द्यायचा ते सांगा. मला काही सुचले नाही.

हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. जुना रंग शोधणे हेच मुळात अवघड काम आहे. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कारखान्यात जुना रंग लाकडापर्यंत जाळून किंवा खरवडून काढत असत, त्यामुळे बाजूच्या फळ्यांवर सगळे थर सापडतीलच असे नाही. पुरावा सापडतो तो आडोशाच्या जागी, म्हणजे बिजागरीच्या मागे, क्रमांकाच्या पट्टीखाली, हवेच्या झडपेच्या टोपणाखाली. जुने कृष्णधवल फोटो तर सरळ फसवतात, कारण त्या काळच्या अनेक फिल्मना लाल रंग दिसतच नसे. किरमिजी डबा त्यांत काळाकुट्ट दिसतो आणि निळा पांढुरका. शिवाय वार्निश काळाबरोबर पिवळे पडते. खरवडून मिळालेला रंग हा कारखान्यातून बाहेर पडलेला रंग, की चाळीस वर्षे वार्निशखाली मुरलेला रंग, हे ठरवताना डोळ्यांवर फार विश्वास ठेवून चालत नाही.

आणि मग प्रत्यक्ष रंगकाम. आपल्याकडचा कोणताही पेंटर ही प्रक्रिया ओळखेल: आधी अस्तर, मग लांबी भरणे, मग पॉलिश पेपरने घासणे, पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, मग रंगाचे दोन हात, त्यावर बारीक रेघा आणि अक्षरे, आणि शेवटी वार्निशचे हात, तेही धूळ नसलेल्या, कोरड्या दिवशी. कोरडा दिवस आयर्लंडच्या किनाऱ्यावर किती दुर्मीळ असतो हे त्या तीन दिवसांत माझ्या बुटांना पुरते कळले. जुन्या थरांत शिसे असते, म्हणून घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. इतके करून हा डबा फार लांब जाणारही नाही. लाकडी सांगाड्याचे डबे आता मुख्य मार्गावर प्रवासी घेऊन धावत नाहीत. संस्थेच्या बेलफास्टहून निघणाऱ्या सहलगाड्यांना ब्रिटनमधून आणलेले पोलादी मार्क टू डबे जोडतात. तेही सरळ आणून रुळांवर ठेवता आले नाहीत, कारण ब्रिटनच्या रुळांमधले अंतर 1,435 मिलिमीटर आणि आयर्लंडचे 1,600. आपल्या ब्रॉडगेजचे 1,676 आहे, म्हणजे आयरिश रूळ आपल्याला थोडे ओळखीचे वाटावेत इतके रुंद आहेत.

दुसऱ्या दिवशी बँगोरच्या लोकलने कल्ट्रा गाठले. तिथल्या अल्स्टर ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या रेल्वे दालनात माझ्या कालच्या प्रश्नाला अपवाद ठरणारा एक डबा उभा आहे. डंडॉक, न्यूरी अँड ग्रीनोर ही आयर्लंडमधली छोटी रेल्वे, पण तिची मालकी इंग्लंडच्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेकडे होती, त्यामुळे तिचे सहाचाकी डबे इंग्लिश थाटाचे: खाली जांभळट तपकिरी, वर पांढरा. या पांढऱ्याला किंचित निळसर झाक देत, कारण वरचे वार्निश पुढे पिवळे पडणार हे गृहीत धरलेले असे. मूळ मालक कंपनी 1922 अखेर विलीन होऊन संपली. 1933 पासून गाड्या चालवण्याचे काम आयर्लंडच्याच ग्रेट नॉर्दर्न रेल्वेकडे गेले. डब्यांचा रंग मात्र कोणी बदलला नाही, आणि 31 डिसेंबर 1951 रोजी रेल्वे बंद पडेपर्यंत ते त्याच पोशाखात धावले. इंग्लंडमध्ये जो गणवेश केव्हाच इतिहासजमा झाला होता, तो आयर्लंडच्या एका कोपऱ्यात आणखी 29 वर्षे टिकला. या डब्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. इथे निवडीचा प्रश्नच नव्हता.

त्याच दालनात फिंटोनाची घोड्याची ट्रामही आहे. मुख्य मार्गावरच्या जंक्शनपासून फिंटोना गावापर्यंतच्या जेमतेम पाऊण मैलावर ती 1883 पासून 30 सप्टेंबर 1957 पर्यंत धावली. पहिला आणि दुसरा वर्ग आत, तिसरा वर्ग वर उघड्या टपावर. घोडा बदलला तरी त्याचे नाव नेहमी डिकच असे. तिच्याविषयी खरे तर वेगळे लिहायला हवे.

हिरव्या रंगाची गंमत मला तिथेच लक्षात आली. 1958 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची मालमत्ता सीमेच्या दोन बाजूंत वाटली गेली, अर्धी दक्षिणेच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीआयई या वाहतूक कंपनीकडे आणि अर्धी उत्तरेच्या अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीकडे. एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या या दोन्ही सरकारी संस्थांचा गणवेश तेव्हा हिरवाच होता, छटा काय ती निराळी. सीआयईने 1962 पासून काळा, बदामी आणि पांढरा पट्टा असा अगदी वेगळा थाट आणला, आणि 1963 पासून आलेले क्रेव्हन्स कंपनीचे डबे याच रंगात बाहेर पडले. हा बदामी रंग कागदोपत्री सोनेरी तपकिरी होता, पण लोक त्याला नारिंगी म्हणत आले. आज पन्नाशी ओलांडलेल्या आयरिश माणसाची लहानपणीची गाडी याच रंगाची, आणि त्याच्या वडिलांची हिरवी. एकाच डब्यासाठी दोन पिढ्यांचे आग्रह वेगवेगळे का असतात, हे मला तिथे उमगले. डेक्कन क्वीन 1930 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते, एक रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. त्यांतला खरा कोणता, असे मला कोणी विचारले तर मीही भांडायला उठेन.

तिसरा दिवस डाउनपॅट्रिकसाठी ठेवला होता, आणि तिथे बसने जावे लागले, कारण बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेचा हा मार्ग 1950 मध्येच बंद झाला. त्या रेल्वेचा आज प्रवासी वाहून नेणारा तुकडा म्हणजे मी आदल्या दिवशी प्रवास केलेला बँगोर मार्ग. डाउनपॅट्रिकचे हौशी लोक मात्र 1985 पासून जुन्या मार्गाचा थोडासा भाग पुन्हा जिवंत करत आहेत, आणि पूर्ण रुंदीच्या रुळांवर आपल्याच मार्गाने चालणारी आयर्लंडमधली ही एकमेव वारसा रेल्वे आहे. 1897 साली राजघराण्यातल्या पाहुण्यांसाठी बांधलेला इथल्या कंपनीचा शाही सलून, म्हणजे खास आलिशान डबा, त्यांच्या संग्रहात आहे.

आयर्लंडमध्ये निकामी झालेल्या डब्यांचे सांगाडे शेतात कोंबड्यांचे खुराडे, शेड, नाहीतर समुद्रकाठची सुटीतली घरे म्हणून विकले जात. वरून बांधलेल्या पत्र्याच्या छपराने लाकूड वाचले, आणि अशा खुराड्यातूनच अनेक डबे परत आले. दुर्लक्षामुळे टिकले म्हणावे तर तेही खरे. याउलट, प्रेमाने सांभाळलेले डबे एका आठवड्यात बुडण्याची वेळ आली. नोव्हेंबर 2023 च्या पुरात डाउनपॅट्रिकचे स्थानक आणि शेड पाण्याखाली गेले, आणि कित्येक वर्षांचे काम चिखलात उभे राहिले. तिथल्या एका स्वयंसेवकाला मी आता सर्वांत आधी काय करता असे विचारले, तर तो म्हणाला, दिवसाकाठी एक दरवाजा.

रेल्वे पुन्हा सुरू झाल्यामुळे मला त्या दिवशी गाडी मिळाली. क्वॉइल नदीवरून डबा डुलत गेला आणि इंच अॅबे या बाराव्या शतकातल्या मठाच्या भग्न भिंतींजवळ थांबला. परत फिरताना खिडकीच्या चौकटीवर रंगाचा एक पोपडा सुटलेला दिसला. त्याखाली कोणता रंग आहे ते पाहण्यासाठी मी नख पुढे केले, आणि समोरच्या बाकावरच्या गार्डने काहीही न बोलता नुसती भुवई उंचावली. मी हात खिशात घातला.